परक्या पाण्यातील पाच ढेकळे

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत १९९७ साली ३८ गावे समाविष्ट करण्यात आली व त्यांतील काही पुढे लोकांच्या विरोधामुळे वगळण्यात आली. २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे शहरात आली. आणि दर वेळी असे घडले की, हद्दवाढीची अधिसूचना निघाल्यानंतर मिळकतकराचा तगादा सुरू होण्यास जो काळ लागला, त्याच्या कितीतरी पट काळ पिण्याच्या पाण्याची आणि मैलापाण्याची वाहिनी त्या गावांच्या वेशीत येण्यास लागला, किंबहुना अनेक वस्त्यांत ती आजही आलेली नाही. या विलंबाच्या पोटी एक वाद जन्मास आला आहे. वाहिन्या टाकावयाच्या तर त्यांचा खर्च कोणी सोसावयाचा? जे नव्याने आले त्यांनी, की जे आधीपासून आहेत त्यांनी. ज्यांनी इमारती बांधून विकल्या त्यांनी, की ज्यांनी आयुष्यभराचे कर्ज काढून त्यांतील घरे विकत घेतली त्यांनी. आज हयात असलेल्यांनी, की कर्जाच्या हप्त्यांच्या रूपाने अजून जन्मासही न आलेल्यांनी? वर्तमानपत्रांत हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या बातम्यांत छापला जातो, आणि हिशेबनिसांनी सोडवावयाची बाब म्हणून आपण तो वाचून पान उलटतो. माझ्या मते हा प्रश्न मुळात धर्माचा आहे, आणि आपल्या धर्मशास्त्रकारांनी त्याच्या एका अंगाचा फार सूक्ष्म विचार केला असून दुसऱ्या अंगाकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाठ फिरवली आहे.

एका समाविष्ट गावातील गृहरचना संस्थेच्या वार्षिक सभेत हा वाद मी समोर बसून ऐकला. इमारतीखालच्या वाहनतळात सतरंज्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चिटणीस बाईंच्या मांडीवर टँकरची वही होती. तीत तारीख, गाडीचा क्रमांक, आल्याची वेळ आणि दिलेली रक्कम असे चार रकाने आखून प्रत्येक पानाला टँकरवाल्याच्या पावत्या टाचलेल्या होत्या. पहाटे चारला येणारी गाडी, जमिनीखालच्या टाकीत जाड नळी सोडून शेजारी उकिडवा बसलेला क्लीनर, आणि गाडी काठोकाठ भरून आली आहे की नाही हे पाहण्यासाठी वर चढून, झाकण उघडून आत विजेरीचा झोत टाकणारा रखवालदार, एवढी हकीकत त्या वहीतील एकेका ओळीमागे होती. "कर महापालिकेला आणि पाण्याचे पैसे टँकरवाल्याला, दोन्हीकडे आम्हीच," असे म्हणून त्यांनी वही मिटली. गावठाणातून मुद्दाम बोलावलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "ताई, तुमच्या सोसायट्या यायच्या आधी आमच्या विहिरीला ऐन वैशाखात पाणी असायचं. तुम्ही बोअरवर बोअर मारल्या. आता लाइन आली तर ती पहिली गावठाणात आली पाहिजे, आणि तिचा पैसा आमच्याकडं मागू नका. जमीन आमचीच गेली आहे." मुलाकडे राहावयास आलेले सदाशिव पेठेतील एक निवृत्त गृहस्थ मागच्या खुर्चीवरून उठले. "अहो, चाळीस वर्षं मी कर भरतोय. आमच्या पेठेतल्या जुनाट लाइनी अजून बदलल्या नाहीत, आणि माझ्या पैशानं डोंगरापलीकडच्या टॉवरना पाणी द्यायचं? परवानगी देताना बिल्डरकडून पाण्याचं हमीपत्र लिहून घेतलंय ना? मग त्याला धरा की!"

तिघांपैकी कोणाचेही म्हणणे खोटे नव्हते. ज्या भागांत महापालिकेचे पाणी पोहोचत नाही, तेथे बांधकामाची परवानगी देताना विकसकाकडून पाण्याची व्यवस्था स्वतः करण्याचे हमीपत्र घेतले जाते, हे खरे. सदनिकांचा ताबा देऊन विकसक निघून गेला की ते हमीपत्र दप्तरात पडून राहते, हेही खरे. विहिरी आटल्या हे खरे, आणि पेठांतील वाहिन्या जुन्या झाल्या हेही खरे. सभेत मागितला जात होता तो न्याय एका सोप्या सूत्रावर उभा होता: जो उपभोगतो त्याने भरावे. सूत्र निर्दोष वाटते. करावे तसे भरावे ही म्हण आपल्या रक्तातच आहे, आणि कर्मविपाकाच्या सिद्धान्ताने तिला शास्त्राचे पाठबळ दिले आहे. परंतु पाण्याच्या बाबतीत हे सूत्र लावू जाता ते जागच्या जागी अडते, कारण आपण पितो त्या पाण्याची किंमत आपण स्वतः चुकती केली आहे असा मनुष्य नगरात शोधूनही सापडणार नाही.

कौटिल्याने या प्रश्नाची राज्यकारभाराच्या अंगाने केलेली मीमांसा आरंभीच लक्षात घेण्यासारखी आहे. अनेकांनी एकत्र येऊन बांध किंवा तलाव उभारावयास घेतला आणि त्यांतील एखादा अंग काढून घेऊ लागला, तर त्याचे मजूर आणि बैल कामावर आले पाहिजेत, खर्चाचा वाटाही त्याने उचलला पाहिजे, लाभाचा अंश मात्र त्याला मिळू नये, असा अर्थशास्त्राचा दंडक आहे. हा दंडक वाचताना प्रथम तो कठोर वाटतो. ज्याला पाणी नको त्याने खर्च का द्यावा? परंतु कौटिल्याची दृष्टी त्या एका माणसाच्या गरजेवर नाही. एकाने अंग काढले की दुसरा काढतो, दुसऱ्याने काढले की बांध अर्धा राहतो, आणि अर्धा बांध मुळीच नसलेल्या बांधापेक्षा अधिक घातक, हे त्या व्यवहारज्ञ मंत्र्याला ठाऊक होते. नवे तलाव व बांध उभारणाऱ्यास पाच वर्षांची आणि मोडकळीस आलेले दुरुस्त करणाऱ्यास चार वर्षांची करमाफीही त्याने सांगितली आहे. एकीकडे सक्ती आणि दुसरीकडे सवलत असा हा बंदोबस्त आहे. राजाच्या खजिन्याला यापलीकडे जाण्याचे कारण नव्हते.

यापलीकडे गेले ते स्मृतिकार आणि निबंधकार. यज्ञयागादी कर्मांना 'इष्ट' आणि विहिरी, तलाव, बागा, अन्नछत्रे, देवालये यांच्या निर्मितीला 'पूर्त' अशी नावे देऊन त्यांनी दोहोंस एका जोडीत बसविले, आणि यातील पूर्ताचा अधिकार, ज्यांना वेदोक्त यज्ञाचा अधिकार त्यांनी नाकारला होता त्या शूद्रांनाही दिला. मूळ पैठणच्या व पुढे काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' नावाचा जो विशाल निबंध बारा मयूखांत रचला, त्यातील एक संपूर्ण मयूख 'उत्सर्ग' या विषयाला वाहिलेला आहे. उत्सर्ग म्हणजे बांधलेला तलाव सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून देण्याचा विधी. या विधीत गाईला तलावातून पार नेण्याचे विधान आहे, आणि संकल्पाने कर्त्याचे त्या पाण्यावरील स्वामित्व संपते. दानात आणि उत्सर्गात जो भेद या शास्त्रकारांनी केला तो मला विलक्षण वाटतो. दान दिलेल्या वस्तूचा उपभोग दात्याला पुन्हा घेता येत नाही, कारण ती आता दुसऱ्याची झाली. परंतु उत्सर्ग केलेल्या तलावात कर्ता स्नान करू शकतो, कारण पाणी सर्वांचे झाले आणि त्या सर्वांत तोही एक आहे. ज्याने पैसा ओतला तो मालक म्हणून पाण्याबाहेर पडतो आणि सर्वांतील एक होऊन पुन्हा पाण्यात उतरतो. मला नागरिकत्वाची याहून नेमकी कल्पना ठाऊक नाही.

याच संदर्भात याज्ञवल्क्यस्मृतीत एक छोटासा नियम आहे. परक्याच्या पाण्यात स्नान करावयाचे असेल, तर आधी तळाशी हात घालून चिखलाची पाच ढेकळे बाहेर काढावीत, आणि मगच स्नान करावे. मनूने परकीय जलाशयात स्नान करणाऱ्याला जलाशयकर्त्याच्या पापाचा अंश लागतो असे सांगितले आहे; याज्ञवल्क्याने त्या भयावर उपाय दिला, आणि तो उपाय पैशाचा नसून श्रमाचा आहे. या पाच ढेकळांत तलाव बांधण्याच्या खर्चाचा हजारावा हिस्साही फिटत नाही. फिटावा अशी अपेक्षाही नाही. परंतु दररोज येणाऱ्या प्रत्येक स्नानार्थ्याने पाच ढेकळे बाहेर टाकली, तर तलाव गाळाने भरत नाही आणि उद्याच्या स्नानार्थ्याला तो आजच्याइतकाच खोल सापडतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने याज्ञवल्क्यावर 'मिताक्षरा' लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने या नियमाची मर्यादाही दाखवून दिली: सर्वभूतांसाठी ज्याचा उत्सर्ग झालेला नाही, अशा परकीय पाण्यालाच तो लागू आहे. उत्सर्ग झाला असेल तर पाणी परके उरतच नाही.

महापालिकेच्या नळाचे पाणी या दोहोंपैकी कोणते? मी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला आहे, आणि मला वाटते ते दोहोंपैकी एकही नाही. कोणा एका धनिकाने बांधून ते सोडून दिलेले नाही, म्हणून उत्सर्गाचा संकल्प कधी झालाच नाही. आणि कोणा एकाचे ते नाही, म्हणून ते परकेही नाही. पुण्यापुरते बोलावयाचे तर त्याच्या मागे अनेकांचा पैसा, श्रम आणि जमीन अशा थरांवर थर चढले आहेत. बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत भुयारी नळ आणला, ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, आणि त्या पाण्यावर पेठांतील हौद भरू लागले. त्याचा खर्च पेशव्यांच्या खजिन्यातून, म्हणजे दूरदूरच्या मुलखांतून येणाऱ्या वसुलातून झाला. हौदावर घागर भरणाऱ्या सदाशिवपेठी कुटुंबाने त्यासाठी काही मोजले नव्हते. खडकवासल्याचे धरण १८७९ साली इंग्रजी अमदानीत पुरे झाले. त्याचे पाणी कालव्यांना, पुण्याला आणि खडकीच्या छावणीला मिळावयाचे होते, आणि त्याचा पैसा सरकारी तिजोरीतून, म्हणजे अखेर रयतेच्या साऱ्यातून आला. पुढे पानशेत, वरसगाव आणि टेमघर झाले. त्यांच्या जलाशयांखाली आंबी, मोसे आणि मुठा या नद्यांच्या खोऱ्यांतील शेते, घरे आणि ग्रामदैवतांची स्थाने गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुण्यात जो हाहाकार झाला तो आपल्या सामूहिक स्मृतीत कोरला गेला आहे. परंतु ज्या खोऱ्यांतील माणसे धरणांसाठी उठली, त्यांची आठवण नळ उघडताना आपणांस किती वेळा होते? त्यांनी जे भरले, ते कोणत्याही पावतीवर नोंदलेले नाही.

तेव्हा जुन्या पुणेकराचे "माझ्या करातून" हे म्हणणे त्याच्या दृष्टीने प्रामाणिक असले तरी अपुरे आहे. चाळीस वर्षे त्याने भरला तो कर पाच ढेकळांचा आहे. तो भरणे हे त्याचे कर्तव्य होते, आणि तो भरल्याबद्दल आपण त्याचे आभारही मानू. पण ढेकळे काढणाऱ्यास तलावाची मालकी मिळत नाही.

इतिहासाचा आणखी एक दाखला येथे लागू पडतो. मराठेशाहीत गावच्या रयतेत मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावकीत त्याचा मान, आणि त्याच्यावर सरकारी पट्ट्यांचा बोजाही भारी. उपरी बाहेरून आलेला, कराराने जमीन कसणारा, हक्क थोडा आणि धाराही बहुधा हलका. पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी नव्याने येणाऱ्या रयतेस इस्ताव्याचा कौल दिला जाई, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि पुढे दरसाल चढत जाऊन काही वर्षांनी पूर्ण दर. नव्या पेठा वसविताना पेशव्यांनी शेटे-महाजनांना दिलेले करमाफीचे कौलही याच जातीचे. आज पुण्याचे मर्म समजल्या जाणाऱ्या सदाशिव, नारायण, भवानी, नाना या पेठा अठराव्या शतकात वसल्या तेव्हा त्याच गावाचा नवा विस्तार होत्या. आणि त्यांत येऊन राहणाऱ्या उपऱ्यांना आधीच्या कसबेकरांनी पाणी तोडले असते, तर पुणे आज आहे त्या स्वरूपात उभे राहिले नसते. समाविष्ट गावांत मिळकतकर पहिल्याच वर्षी पूर्ण न लावता टप्प्याटप्प्याने वाढविण्याची जी तरतूद आहे, ती या इस्ताव्याचीच वंशज आहे. जुन्या कारभाऱ्यांना एक गोष्ट कळत होती: नवागताकडून आरंभीच सर्व वसूल करू पाहणारे गाव वसत नाही.

मात्र 'आधीच्यांचा हक्क' ही भाषा किती दूर जाऊ शकते, याचा अनुभवही आपल्याच भूमीत आहे, आणि तो विसरून या वादात बोलणे अप्रामाणिक ठरेल. सर्वभूतांसाठी सोडलेल्या पाण्यावर वहिवाटीने पहारे बसविले गेले. संकल्प सर्वांसाठी आणि घागर काहींचीच, असे शतकानुशतके चालले. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरातील हौद अस्पृश्यांना खुला केला, तो या पहाऱ्याला दिलेला पहिला मोठा धक्का. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहस्रावधी अनुयायांसह पाणी प्यावयास गेले. त्यानंतर जो दावा झाला त्यात वादींचा युक्तिवाद असा होता की, तळे खासगी आहे आणि त्यावरील वहिवाट पुरातन आहे. हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९३७ साली तेथे निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. समाविष्ट गावातील टँकरग्रस्त मध्यमवर्गीयाच्या गैरसोयीची तुलना त्या अन्यायाशी मी करीत नाही. तशी तुलना करणे पाप होईल. पण पाण्याजवळ आधी पोहोचलेला मनुष्य स्वतःच्या पूर्वप्राप्तीलाच हक्क समजू लागतो आणि त्या हक्काला मागाहून इतिहासाची, खर्चाची वा परंपरेची कारणे शोधतो, ही मनाची वाटचाल दोन्हीकडे एकच आहे.

येथवर पाण्याचा विचार झाला. मैलापाण्याच्या विचारास येताना मात्र माझे मन जड होते. पाण्यात मलमूत्र टाकू नये अशी मनूची आज्ञा आहे. रस्त्यावर वा जलस्थानाजवळ घाण करणाऱ्यास कौटिल्याने दंड सांगितला आहे. परंतु विहीर बांधणाऱ्यास जे पुण्य सांगितले ते गटार बांधणाऱ्यास कोणत्याही स्मृतीने सांगितलेले माझ्या वाचनात नाही. तलावाचा उत्सर्ग आहे, वृक्षांची प्रतिष्ठा आहे, बागेची आहे, मोरीची नाही. शुचितेचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या परंपरेने अशुचीचे काय करावयाचे हा प्रश्न धर्माच्या कक्षेबाहेर ठेवला, आणि तो एका जातीच्या डोक्यावर टोपलीच्या रूपाने चढविला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात मैला वाहून नेण्यासाठी जो कर ठेवला त्याचे नावच, मैला वाहणाऱ्या जातीवरून, 'हलालखोर कर' होते. म्हणजे नव्या राजवटीने भुयारी वाहिन्यांची सोय केली तरी जमाखर्चाच्या रकान्यात जात तशीच राहिली. २०१३ साली मानवी हातांनी मैला साफ करविण्यास सक्त मनाई करणारा कायदा झाला, आणि तरीही मैल्याच्या टाकीत वा चेंबरमध्ये उतरलेला मजूर विषारी वायूने गुदमरून मेल्याची बातमी आपण वाचतोच. ही माणसे जो खर्च देतात तो कोणत्या पट्टीत धरावयाचा?

मी ज्या सभेविषयी वर लिहिले, त्या सभेत टँकरवर दीड तास चर्चा झाली आणि मैल्यावर चिटणीस बाईंचे एक वाक्य झाले: सेप्टिक टँक भरत आली आहे, गाडी बोलवावी लागेल. गाडी कोठे रिकामी होते हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. आपण सर्वांनी हे न विचारण्याचा अलिखित करार केलेला आहे. गावात मलवाहिनी नसेल तर मैला ओढ्यात जातो, ओढा नदीस मिळतो; वाहिनी असूनही शुद्धीकरण केंद्र पुरे पडत नसेल तर वाहिनी स्वतःच नदीस मिळते. नगरास दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येते असे अभियंते गृहीत धरतात. म्हणून नवी जलवाहिनी मंजूर करणारी प्रत्येक सही ही खालच्या नदीत तेवढे सांडपाणी सोडण्याचीही सही असते, मग मलवाहिनीची तरतूद तीत असो वा नसो. मुठेचे पाणी मुळामुठेतून भीमेत आणि भीमेचे उजनीच्या जलाशयात जाते. उजनीतून सोलापूरला पिण्याचे पाणी जाते आणि भीमा पुढे चंद्रभागा होऊन पंढरपूरच्या वाळवंटास वळसा घालते.

आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामास येतात. त्या वेळी पेठापेठांतील घरे आपली दारे उघडतात, वारकऱ्यांना जेवू घालतात, पाय दाबून देतात, पिण्याचे पाणी हातात देतात. हा पूर्तधर्म आजही जिवंत आहे आणि तो पाहून माझे डोळे भरून येतात. पण तोच वारकरी पुढे पायी चालत पंढरीस जाऊन चंद्रभागेत स्नान करतो, तेव्हा त्याच्या ओंजळीत आपल्या नगराचे काय असते, याचाही विचार त्याच भक्तीने व्हावयास हवा. वाहिन्यांचा खर्च कोणी द्यावा या वादात सोलापूरचा रहिवासी पक्षकार नाही, वारकरी पक्षकार नाही, नदीकाठचा शेतकरी आणि कोळीही पक्षकार नाही. परंतु आपण जे देत नाही ते त्यांच्याकडून वसूल होते. मनूने परक्या पाण्याविषयी जे भय घातले ते येथे शब्दशः लागू आहे: आपल्या दुष्कृताचा अंश स्नान करणाऱ्याच्या अंगास लागतो, आणि या वेळी त्या वाक्यात अतिशयोक्ती मुळीच नाही.

अंतर दूरचे वाटत असेल तर जवळचे उदाहरण आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी या नव्याने समाविष्ट झालेल्या गावांच्या आसपास, गिया-बारे या मज्जासंस्थेच्या व्याधीचे रुग्ण एकाएकी वाढले. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली, काही माणसे दगावली, अनेकांना कृत्रिम श्वसनावर ठेवावे लागले. कित्येक रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आढळला आणि संशयाचा रोख पाण्याकडे वळला. ही गावे खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याशी आहेत. शहराचे पाणी ज्यांच्या दारावरून जाते, त्यांनाच ते शुद्धीकरण केंद्रातून पुरते शुद्ध होऊन मिळत नव्हते. वाहिनीचा खर्च कोणाचा हे ठरावयाचे होते, तोवर जो खर्च झाला तो असा.

शतपथब्राह्मणात मनुष्य जन्मतःच ऋणी असतो असे सांगितले आहे, आणि देव, ऋषी व पितर यांच्या जोडीस मनुष्यांचे ऋणही तेथे मोजले आहे. ऋणाच्या या कल्पनेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात घ्यावी लागते: हे ऋण ज्याच्याकडून आले त्याला परत करावयाचे नसते. पितरांचे ऋण संततीला वाढवून फिटते, ऋषींचे अध्ययनाने आणि मनुष्यांचे आतिथ्याने. नानासाहेबांना कात्रजच्या नळाचे पैसे आपण देऊ शकत नाही. मोसे खोऱ्यातील माणसांचे पुनर्वसन आजही जेथे अपुरे असेल तेथे ते पुरे करणे हे आपले रोखीचे देणे आहे. आणि त्याच्याही पलीकडचे जे उरते ते, नगरात आज नव्याने येणाऱ्या माणसाला आणि नगराच्या खाली राहणाऱ्या माणसालाच द्यावयाचे आहे. आतिथ्य या शब्दाने येथे उपकाराचा भास होऊ नये. अतिथीला दिलेले अन्न हे ऋण फेडणे आहे, म्हणूनच ते न देणाऱ्यास दोष लागतो.

या विचाराचा व्यवहारात काय अर्थ होतो ते सांगितल्याखेरीज मला हा लेख संपविता येणार नाही. धरणापासूनच्या मुख्य जलवाहिन्या, शुद्धीकरण केंद्रे, मोठ्या मलवाहिन्या आणि मैलाशुद्धीकरणाची केंद्रे यांचा खर्च संपूर्ण नगराने, मिळकतीच्या मूल्याच्या प्रमाणात, एकत्र उचलावा. त्यात पेठ आणि समाविष्ट गाव असा भेद नसावा. गल्लीतील वाहिनी, घरचा नळजोड आणि मापकाप्रमाणे येणारी देखभालीची पट्टी हा ज्याचा त्याचा पाच ढेकळांचा भाग. तो नव्याने द्यावा, जुन्यानेही द्यावा, आणि ज्याच्या मापकात पाणी अधिक त्याची ढेकळेही अधिक असावीत. गावठाणातील आणि झोपडवस्तीतील गरिबाकडून जोडणीची अनामत मागू नये. ज्या विकसकाने हमीपत्र लिहून दिले, त्याच्याकडून ते वसूल झाल्याशिवाय त्याच्या पुढच्या प्रकल्पास परवानगी देऊ नये. त्याचा नफा या सर्वांच्या ऋणावर उभा आहे आणि त्याला या हिशेबातून सोडून देणे हा सदनिकाधारकावर आणि पेठकरावर सारखाच अन्याय आहे. आणि जेथे दोन्ही वाहिन्या एकदम टाकणे खरोखर शक्य नसेल, तेथे मलवाहिनी आधी टाकावी.

या शेवटच्या सूचनेस सर्वांत अधिक विरोध होईल हे मी जाणतो, कारण नळास पाणी आले की लोक मत देतात आणि मोरीचे पाणी कोठे गेले हे कोणी पाहत नाही. तहानलेल्याला थांबा म्हणण्याचा अधिकार कोणास आहे, असेही विचारले जाईल. तहानलेल्यास टँकरचे पाणी महापालिकेने स्वखर्चाने, तपासून, रोज द्यावे. तेवढे तिचे ऐपतीतले कर्तव्य आहे. पण खालच्या गावाने आपली घाण प्यावी या अटीवर वरच्याची तहान भागविणे याला पूर्त म्हणता येणार नाही.

जुन्या पेठांतील माझ्या वाचकांना एवढीच विनंती आहे. समाविष्ट गावांतील वाहिन्यांचा विषय पुढच्या अंदाजपत्रकात येईल, तेव्हा त्यास हरकत घेऊ नका. उलट, आपल्या नगरसेवकाकडे स्वतः जाऊन सांगा की, या कामासाठी माझ्या मिळकतकरात वाढ होणार असेल तर ती मला मान्य आहे, मात्र मलवाहिनीची आणि शुद्धीकरण केंद्राची तरतूद त्याच प्रस्तावात, त्याच वर्षीच्या रकान्यात दाखवा, आणि विकसकांच्या हमीपत्रांची यादी सभागृहापुढे ठेवा.